पोहे बनत नाहीत, होतात

गेल्या रविवारी सकाळी इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एका ठेल्यावर मी पत्नीला "आज पोहे छान बनले आहेत" एवढेच म्हणालो, आणि शेजारी जिलेबी खाणाऱ्या एका पुणेकर गृहस्थांनी बोटांवरचा पाक चाटण्याचे काम अर्ध्यावर सोडून माझे मराठी दुरुस्त केले.

"पोहे बनत नाहीत, होतात. बनवतात ते माणसांना."

मी क्षमा मागितली. का मागितली, ते मला अजूनही उमगलेले नाही. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही, माझे आडनाव, मूळ गाव आणि मुलांची शाळा यांची चौकशी करून त्यांनी "म्हणजे तुम्ही आपल्यातलेच होतात तर!" असा भूतकाळी निकाल दिला. शेव आणि जिरावण मसाला चमच्याने कडेला सारत, वर ओले खोबरे का नाही याचा जाब त्यांनी ठेलेवाल्याऐवजी मलाच विचारला. मग २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय कसा निघाला आणि २९ जूनला तो मागे घेण्याची घोषणा सरकारला कशी करावी लागली, हे त्यांनी असे ऐकवले की जणू ती हिंदी इंदूरहून मीच पाठवली होती. "मराठी माणसाने मराठीतच बोलले पाहिजे," असे बजावून ते ठेल्याकडे वळले आणि म्हणाले, "भैया, एक प्लेट और देना, प्याज कम."

मला हिंदी कोणत्याही सरकारने शिकवली नाही. ती गल्लीत पतंग कापताना आली. मराठी मात्र आम्ही हट्टाने सांभाळली, कारण मुलांच्या शाळेत तिचा तास नाही आणि दुकानावर तिची पाटी नाही. माझ्या पणजोबांनी होळकरांच्या दफ्तरात मोडीत हिशेब लिहिले, १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा साहित्य संमेलने या शहरात भरली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडे श्रीखंड झाले. (बनले नव्हे.) शिवाय महाराष्ट्रातल्याच मालिकांतली पात्रे हल्ली "माझी मदत कर" म्हणतात, त्यांना कोणी भर रस्त्यात अडवत नाही. हे सगळे मला रात्री अंथरुणावर सुचले.

ठेल्यावर मी फक्त पैसे काढले. ठेलेवाल्याने चार प्लेटींचे कापून घेतले. आम्ही दोनच खाल्ल्या, असे मी म्हटल्यावर त्याने रिक्षात बसणाऱ्या त्या गृहस्थांकडे बोट दाखवले.

"वो भी तो आप ही के आदमी हैं, भाईसाब. मराठी में बात कर रहे थे न?"