‘ऐन बफेलोसमोर रायफल अडकली’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

दक्षिण आफ्रिकेतल्या पोलोक्वानेमधल्या, शिकारीच्या रायफली भाड्याने देणाऱ्या आमच्या दुकानाला मराठीत रिव्ह्यू येईल असं कधी वाटलं नव्हतं. आला, तोही एका स्टारचा. आपल्याला मनस्ताप झाला याबद्दल मनापासून दिलगीर आहे. फोन वेळेवर उचलला गेला नाही, गर्दीत चहापाणी विचारायचं राहिलं, दोन्ही मान्य. त्यात सुधारणा करतो आहोत.

पण ‘मागितलेली 458 दिली नाही, जुनाट 375 गळ्यात मारली आणि ती ऐन बफेलोसमोर अडकली’ हे मात्र तसंच सोडता येत नाही. असं वाचून माझ्याकडे रायफल भाड्याने घ्यायला कोण येईल?

आधी 458 चं. (458, 375 हे गोळीच्या जाडीवरून पडलेले रायफलींचे आकडे; 458 ची गोळी जाड.) रेंजवर आपल्या हातात पहिल्यांदा 458 लॉटच दिली होती. तिची गोळी 500 ग्रेनची, म्हणजे 32 ग्रॅमच्या वर, आणि धक्का 375 च्या दीडपटीहून जास्त. पहिल्या बारानंतर ट्रिगर दाबण्याआधीच आपले डोळे मिटायला लागले आणि गोळ्या टार्गेटखालच्या मातीत गेल्या. यात कमीपणा नाही, भल्याभल्यांचं होतं. पण खांद्यामागे नीट बसलेली 375 ची गोळी रेडा पाडते, पोटात गेलेली 458 ची पाडत नाही. जखमी रेडा काटेरी झुडपात शिरला की त्याच्या मागावर आमचे ट्रॅकर जातात. गिऱ्हाईक जीपपाशी थांबतं. शिवाय 458 चं भाडं जास्त आहे. गळ्यातच मारायचं असतं तर तीच मारली असती ना?

‘जुनाट’ म्हणालात ती ब्रनो झेडकेके 602 आहे, चेकोस्लोव्हाकिया नावाचा देश होता तेव्हाची. लाकडावर ओरखडे आहेत, कबूल. पण 375 एच अँड एच हे काडतूसच 1912 सालचं, आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत मोठ्या जनावराला कायद्याने किमान तेच लागतं. या रायफलचा बोल्ट, म्हणजे हाताने मागे-पुढे ओढायचा खटका, माउझरच्या 1898 च्या रायफलच्या धर्तीचा. काडतूस मॅगझिनमधून वर आलं की एक्स्ट्रॅक्टरचा पंजा त्याची कड धरतो, आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, जातानाही सोडत नाही. विंचेस्टरने 1964 साली मॉडेल 70 मधून हा पंजा काढला तेव्हा शिकाऱ्यांनी बोंबाबोंब केली, आणि नव्वदच्या दशकात कंपनीला तो परत आणावा लागला. मला नवी चकचकीत रायफल मांडता येत नाही असं नाही. धोक्याच्या जनावरासमोर मी अशीच देतो.

आता ‘अडकली’ याबद्दल. साहेब, रायफल अडकली नव्हती. आपला पहिला बार उत्तम बसला होता, हे आमचा पीएच (सोबत दिलेला व्यावसायिक शिकारी) आजही सांगतो. मग आपण बोल्ट अर्धाच मागे ओढला आणि पुढे लोटला. या रायफलमध्ये रिकामी केस, म्हणजे वाजलेल्या काडतुसाचं कवच, बाहेर फेकणारं पातं अगदी मागे असतं. बोल्ट तिथपर्यंत आलाच नाही तर केस पंज्यातच राहते आणि पुन्हा चेंबरमध्ये जाते. म्हणून ट्रिगर दाबल्यावर नुसता ‘टक्’ आवाज आला. पीएचने नंतर बोल्ट उघडला तेव्हा वाजलेलीच केस निघाली, पिनेचा खड्डा पडलेली. ती मी ठेवली आहे.

आपली घरची रायफल 315 बोअरची आहे, असं आपणच सांगितलं होतं. तिचं काडतूस साधारण 76 मिलिमीटर, 375 चं 91. हाताला तेवढ्याच ओढीची सवय. म्हणून तर डमी काडतुसं देऊन सांगितलं होतं की रायफल खांद्यावरून न काढता, बोल्ट खटकन थांबेपर्यंत मागे ओढायचा सराव करा. आपल्याला सकाळी 9 ला बोलावलं होतं, आपण जेवण करून आलात. उरलेला वेळ फोटोंत गेला. डमी पाकिटातून निघालीच नव्हती, परत आली तेव्हा चिकटपट्टी तशीच होती. हे चारचौघांत लिहायला मला बरं वाटत नाही, पण सुरुवात आपण केलीत.

दुसरी गोळी पीएचने घातली म्हणून आपण नाराज आहात, ते समजू शकतो. रेडा अजून पायावर होता आणि तोंड आपल्याकडे होतं. अशा वेळी परवानगी विचारत नाहीत. त्याला त्यासाठीच सोबत दिलेलं असतं.

भाड्यात रेंज, साफसफाई आणि आमच्या माणसाची देखरेख धरलेली असते, वेगळं काही लावलेलं नाही. काडतुसं वापराल तेवढीच बिलात येतात. बिल आपल्यासमोरच केलं होतं.

यापुढे सरावाशिवाय रायफल बाहेर द्यायची नाही, असं काहीतरी ठरवतो आहोत. वेटिंगच्या जागेचंही बघतो. आपण परत आलात तर आनंदच आहे, मात्र सकाळी या. रिव्ह्यूचा फेरविचार केलात तर उपकार होतील, माझं घर याच दुकानावर चालतं.

आणि एक, स्कोपचं पुढचं झाकण परत आलेलं नाही. बहुतेक आपल्या कॅमेऱ्याच्या बॅगेत गेलं असावं. कुरियरने पाठवा, खर्च मी देतो.