‘बढती हा हक्कच नाही, मग मॅटमध्ये जाऊन काय?’

महाराष्ट्र पोलिसांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘बढती हा हक्क नाही, म्हणून दाद मागता येत नाही. चौकशी लागली की विषय संपला. निवेदनं देत राहा, शेवटचं उत्तर आलं की तिथून मुदत मोजतात. फारच झालं तर थेट हायकोर्टात रिट टाका.’ यातलं पहिलं अर्धं वाक्य खरं आहे. बाकीच्यावर विसंबलात तर मॅटमधली, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणातली, केस हातची जाते.

हक्क बढतीचा नसतो, पण पात्र माणसाचा बढतीसाठी विचार व्हायलाच हवा, हा अनुच्छेद 16 खालचा मूलभूत हक्क आहे. म्हणून ‘मला निरीक्षक करा’ एवढीच मागणी लंगडी पडते. विभागीय पदोन्नती समितीने प्रकरण पुन्हा तपासावं आणि पात्र ठरल्यास कनिष्ठाच्या बढतीची तारीख मानीव दिनांक (बढती तेव्हापासूनच मिळाली असं धरायची तारीख) म्हणून द्यावी, असं मागा. कनिष्ठांच्या बढतीलाच आव्हान देणार असाल तर त्यांना प्रतिवादी करा. ते राहिलं तर अर्ज तिथेच अडतो.

त्याआधी माहिती अधिकारात समितीचं इतिवृत्त आणि स्वतःचे गोपनीय अहवाल काढा. देव दत्त (2008) आणि सुखदेव सिंग (2013) या निकालांनुसार प्रत्येक शेरा कळवणं बंधनकारक आहे, अगदी ‘चांगला’ हासुद्धा. न कळवलेल्या शेऱ्यावर डावललं असेल तर मुद्दा भक्कम.

‘चौकशी लागली की संपलं’ हे तर सरसकट खोटं. जानकीरामन निकाल (1991) सांगतो की समितीचा निष्कर्ष मोहोरबंद पाकिटात ठेवायचा तो विभागीय चौकशीत दोषारोपपत्र बजावल्यावर किंवा फौजदारी खटल्यात न्यायालयात आरोपपत्र दाखल झाल्यावर. नुसती प्राथमिक चौकशी पुरत नाही. निलंबन असेल तर मात्र गोष्ट वेगळी. शिवाय पाकीट म्हणजे नकार नव्हे: समिती तुमचा विचार करते, फक्त निष्कर्ष बंद ठेवते. पूर्ण निर्दोष सुटलात तर ते उघडावं लागतं.

सर्वांत जास्त नुकसान करतो तो मुदतीचा सल्ला. प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम 1985, कलम 21: अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदनाला उत्तरच नसेल तर सहा महिने थांबून पुढे एक वर्ष. 10 जानेवारी 2025 ला निवेदन दिलं आणि कार्यालय गप्प राहिलं, तर 10 जुलै 2026 च्या आत मूळ अर्ज दाखल व्हायला हवा. दुसरं, तिसरं, पाचवं स्मरणपत्र हे घड्याळ मागे नेत नाही, एस. एस. राठोड (1989) निकालात हे स्पष्ट आहे. उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण ‘साहेब बघतो म्हणाले’ हे कारण चालत नाही. निवेदनाची आवक क्रमांक असलेली पोच जपा, नाहीतर सहा महिने कुठून मोजायचे हाच वाद होतो.

थेट हायकोर्ट? एल. चंद्रकुमार (1997) निकालानंतर पहिली पायरी मॅट. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर. रिट त्यानंतर, हायकोर्टाच्या द्विसदस्यीय खंडपीठापुढे. आयपीएस अधिकाऱ्यांसाठी कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण.

आणि ‘वर्दीत राहून सरकारविरुद्ध गेलं की शिस्तभंग’ ही भीतीही सोडा. न्यायाधिकरणात जाणं हा कायद्याने दिलेला मार्ग आहे. उलट बढतीसाठी आमदाराचं शिफारसपत्र जोडणं 1979 च्या वर्तणूक नियमांत बसत नाही.