‘एवढं तर उघडच आहे’ या कमेंटला उत्तर

सदिशांच्या बेरजेवरच्या माझ्या पोस्टबद्दल तुमचं म्हणणं असं की सदिशांची (म्हणजे माप आणि दिशा असलेल्या, बाणाने दाखवतात त्या राशींची) बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी तीच येते हे शाळेतल्या पोरालाही कळतं, घटक (प्रत्येक अक्षाच्या दिशेतले भाग) मांडले की एका ओळीत विषय संपतो, मग बाण काढून एवढं पाल्हाळ कशाला. आणि ३ आणि ४ लांबीच्या सदिशांची बेरीज ५ हे मी लिहिलेलं चूक आहे. यातलं दुसरं एकदम मान्य, ते काटकोन असेल तरच, नाहीतर कोनाप्रमाणे १ ते ७ मधलं काहीही येतं. घाईत लिहून गेलो, दुरुस्त करतो.

पण ‘उघड’ वगैरे काही पटलं नाही बुवा. एक पुस्तक घ्या, मुखपृष्ठ वर, शिवण डावीकडे, असं टेबलावर समोर ठेवा. आता लांबची कड उचलून ते उभं करा, म्हणजे मुखपृष्ठ तुमच्याकडे बघेल, मग वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा द्या. शिवण तुमच्या समोर आली ना? परत पहिल्यासारखं ठेवा आणि क्रम उलटा करा, आधी आडवंच पाव फेरा फिरवा, मग लांबची कड उचलून उभं करा. आता पुस्तक शिवणीवर उभं आणि नाव खालून वर वाचायचं! फिरवण्याला माप आहे, दिशाही आहे (अक्षाची), तरी क्रम बदलला की उत्तर बदललं. म्हणून तर असल्या फिरवण्याला सदिश म्हणत नाहीत. गंमत म्हणजे फिरवणं अगदी बारीक घेतलं तर क्रमाचा फरक त्याहून कितीतरी बारीक होत जातो, त्यामुळे कोनीय वेग (फिरण्याचा वेग) मात्र बिनधास्त सदिश ठरतो.

म्हणजे ‘माप आणि दिशा असली की झाला सदिश’ ही पाठ केलेली व्याख्या अर्धीच आहे, बेरजेचे नियम पाळतो का ते तपासावंच लागतं. घटकांचंही तेच. बाण टोकाला शेपूट लावून जोडले की घटकांचीही बेरीज होते हे आधी दाखवायचं, मग तुमची ती एक ओळ. आणि साहचर्याला (बेरजेत कंस कुठेही टाकला तरी उत्तर तेच, या नियमाला) तर घटक लागतच नाहीत: क पासून ख, ग करत घ ला जायचं, कंस कुठेही टाका, उत्तर क ते घ हाच बाण, चार बिंदू एका पातळीत नसले तरी. माझ्या पोस्टमधल्या आकृतीत ते एकाच पातळीत दिसतात खरे, कागदाला माझा नाइलाज आहे.