तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूबद्दल, दुकानाकडून

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला. डिसेंबर २०२४ ला आमच्याकडून घेतलेलं डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, गोष्टीतलं पात्र होऊन डाइस टाकत खेळायचा खेळ) प्लेयर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं पुस्तक, जुनं निघालं, गेल्या शनिवारी टेबलाचे, म्हणजे दुकानात बसून खेळायचे, माणशी ५०० रुपये घेतले जे आधी फुकट असायचं, आणि जीएम (गेम मास्टर, गोष्ट सांगत खेळ चालवणारा) अर्धा वेळ मराठीत बोलत होता, या तुमच्या तीन तक्रारी. शेवटी "आधी पॅशन होतं, आता नुसता धंदा झालाय" असं लिहिलंय ते मनाला लागलं, म्हणून जरा लांब लिहितेय.

आधी पुस्तकाचं. ती चूक आमचीच. नवीन हँडबुक १७ सप्टेंबर २०२४ ला आलं आणि आमच्या शेल्फवर २०१४ वाल्या कॉप्या उरलेल्या होत्या. त्या दिवशी काउंटरवर मी नव्हते पण ते काही कारण होत नाही, घेणाऱ्याला सांगायलाच हवं होतं की नवीन आलंय, हे जुनं आहे. जुन्यावर खेळ अडत नाही हे खरं, पण पूर्ण भावात देणं बरोबर नव्हतं. पुस्तक घेऊन या, सगळे पैसे परत देते, बिल नसलं तरी चालेल, पानांवर पेन्सिलीने लिहिलेलं असलं तरी चालेल.

आता ५०० चं. २०१९ पर्यंत रविवारचं टेबल फुकट होतं, बरोबर आहे. तेव्हा पाच जण खेळायला बसले की त्यातले एक-दोघं महिन्याभरात पुस्तक घ्यायचे, बाकीचे डाइसचा सेट नाहीतर एखादं मिनिएचर (पात्राची छोटी मूर्ती), आणि टेबलाचा खर्च त्यातूनच सुटायचा. ते पुस्तकांचं मार्जिन आता राहिलं नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे रोल-ट्वेंटी आणि डिस्कॉर्डवर, म्हणजे ऑनलाइन, खेळायला शिकले (बरंच झालं, नाहीतर कित्येक ग्रुप तुटले असते), मग २०२२ ला डी अँड डीची मालक कंपनी हॅस्ब्रोने डी अँड डी बियाँड हे या खेळाचं ऑनलाइन दुकान १४ कोटी ६३ लाख डॉलरला विकत घेतलं, म्हणजे कंपनीच आता थेट खेळणाऱ्याच्या मोबाईलवर पुस्तक विकते, मधे दुकानदार येतच नाही. नवीन हँडबुक छापील ४९.९९ डॉलर आणि डिजिटल २९.९९, त्यात छापील इथे येईपर्यंत वाहतूक आणि ५ टक्के कस्टम ड्युटी वेगळी.

जानेवारी २०२३ चा लायसन्सचा गोंधळ तुम्हाला आठवत असेल, डी अँड डीचे नियम वापरून इतरांना स्वतःची पुस्तकं काढू देणारं जुनं ओपन गेम लायसन्स बदलून मोठ्या प्रकाशकांकडून रॉयल्टी मागायचा मसुदा फुटला, लोक एवढे भडकले की कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा गाभाच क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येईल असा, टाकला. खेळणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, मला तेव्हा मनापासून आनंद झाला होता आणि आजही आहे. पण नियम फुकट आणि कायदेशीर मिळत असताना कॉलेजचा पोरगा चार-साडेचार हजारांचं पुस्तक कशाला घेईल, मीही त्याला घे म्हणत नाही.

मग दुकानात लोक येतात कशाला? जीएम मिळत नाही म्हणून. नियम मिळतात, चार मित्र मिळतात, चालवणारा मिळत नाही, हे मी काउंटरवर रोज ऐकते. आधी आमच्याकडे हे काम दोन मुलं हौसेने फुकट करायची, दोघंही दमून सोडून गेली, एक तर जाताना म्हणाला ताई आता मला स्वतःला खेळायलाही मजा येत नाही. त्या दिवशी ठरवलं की यापुढे फुकट कोणाकडून करून घ्यायचं नाही. तुमच्या टेबलाचे २५०० जमले त्यातले १५०० जीएमचे, तो डोंबिवलीहून येतो, ४ तास सेशन आणि त्याआधी दोन रात्री तयारी, खेळातल्या त्या पडक्या गढीचा नकाशा त्याने हाताने काढला होता. उरलेल्या १००० मध्ये नौपाड्यातलं भाडं, एसी, चहा. हे पैसे मी कमी करणार नाही. फोनवर बुकिंग घेताना रेट सांगितला नाही ही मात्र आमची चूक, आता मेसेजमध्येच पाठवतो. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कोणी चालवणारं असेल तर रविवारी सकाळी या, नुसत्या टेबलाचे माणशी १००.

मराठीबद्दल मात्र मला तुमचं पटलं नाही. पुस्तक इंग्लिश आहे, खेळ तोंडाने होतो. आठवी-नववीची मुलं येतात आमच्याकडे, इंग्लिशमध्ये बोलायचं म्हटलं की खाली मान घालून नुसता डाइस टाकतात, आणि तीच मुलं वेशीवरच्या पहारेकऱ्याशी मराठीत घासाघीस करायला लागली की अर्धा तास थांबत नाहीत, जीएमला हात जोडावे लागतात. स्पेलची नावं इंग्लिश राहू देत, पण भूत मराठीत बोललं की टेबलावर जी शांतता होते ना, ती मी बघितलीय. तुम्हाला इंग्लिश टेबल हवं असेल तर बुक करताना सांगा, शुक्रवारी असतं.

तुमचा क्लेरिक, म्हणजे तुमचं पुजारी पात्र, अजून त्या गढीच्या विहिरीत लटकतोय, जीएम म्हणाला पुढचे दोन शनिवार तुमची जागा धरून ठेवतो. मंगळवारी दुकान बंद असतं, बाकी दिवशी ११ ते ९ मी आहे, येताना पुस्तक आणा.