कृष्णविवर पृथ्वी गिळणार नाही, आणि त्यासाठी हॉकिंग यांच्या भरवशावर राहायचीही गरज नाही

‘पृथ्वीचा शेवट शास्त्रज्ञांच्याच हातून’ अशा मथळ्याचा एक व्हिडिओ सध्या मराठी व्हॉट्सॲप गटांमध्ये फिरतो आहे. आमच्या घरच्या गटावर तो आला आणि नववीतल्या माझ्या भाचीने पाहिला. रात्री तिचा फोन आला, “मावशी, हे खरंच होणार आहे का?” पोरीचा आवाज रडवेला झाला होता. ज्याने तो पुढे पाठवला त्याला काही वाटले नसेल, मला मात्र संताप आला.

व्हिडिओत चार दावे आहेत. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचे कृष्णविवर (प्रकाशही ज्यातून सुटत नाही अशी अतिघन वस्तू) विरत चालले आहे आणि दहा लाख हायड्रोजन बॉम्बच्या ताकदीने फुटणार आहे. प्रतिकण (कणांचे उलट गुणांचे जोडीदार) आत शिरून कृष्णविवरातला पदार्थ नष्ट करतात आणि ती ऊर्जा बाहेर येते. कृष्णविवरे नसतातच, असे खुद्द भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी 2014 मध्ये कबूल केले. आणि सर्न या युरोपीय संशोधन केंद्राच्या कण आदळवणाऱ्या यंत्रात तयार होणारी छोटी कृष्णविवरे पृथ्वी गिळतील. पहिला आणि तिसरा दावा एकत्र खरे असूच शकत नाहीत, एवढेही बनवणाऱ्याच्या लक्षात आलेले नाही.

बॉम्बची तुलना हवेतून आलेली नाही, हे कबूल करते. कृष्णविवर मंद उष्ण प्रारण (हॉकिंग प्रारण) सोडत हळूहळू विरते, असे हॉकिंग यांनी मांडले होते. मार्च 1974 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या त्यांच्या दोन पानी लेखात ही तुलना आहे. पण त्याच वाक्यात, खगोलशास्त्राच्या मापाने हा स्फोट तसा लहानच, असेही म्हटले आहे, आणि ते व्हिडिओत गाळले आहे. शिवाय तो स्फोट अतिलहान कृष्णविवराच्या अखेरच्या दशांश सेकंदातला. विश्वाच्या आरंभी तयार होऊन आज संपत आलेले कृष्णविवर एखाद्या डोंगराएवढ्या वस्तुमानाचे आणि अणुकेंद्राएवढ्या आकाराचे असेल. गॅमा किरणांच्या दुर्बिणींनी असे स्फोट शोधून पाहिले, आजवर एकही सापडलेला नाही.

मोठ्या कृष्णविवराची गोष्ट उलटी आहे. वस्तुमान जितके जास्त, तितके तापमान कमी. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचे तापमान 0.00000006 केल्विन (निरपेक्ष शून्यापासून मोजलेले अंश) निघते. आकाशगंगेच्या मध्यावरचे ‘सॅजिटेरियस ए स्टार’ सूर्याच्या सुमारे 43 लाख पट जड, म्हणजे त्याचे तापमान याच्याही 43 लाख पट कमी. त्याच्या भोवतालचे आकाश मात्र महास्फोटाच्या उरलेल्या प्रारणामुळे 2.7 केल्विनवर आहे. गार पाण्याचा तांब्या मे महिन्यात अंगणात ठेवला तर तो तापतो, अंगण गार होत नाही. तसेच हे कृष्णविवर आज ऊर्जा गमावत नाही, कमावते आहे. पुढे कधीतरी विश्व त्याच्याहून थंड झाल्यावर ते विरायला लागेल, आणि पुरते विरायला ढोबळमानाने 10 चा 87 वा घात इतकी वर्षे लागतील. विश्वाचे आजचे वय 1380 कोटी वर्षे आहे.

प्रतिकणांचे चित्र पुष्कळ लोकप्रिय लेखांतही असते, त्यामुळे त्याबद्दल एकट्या व्हिडिओला दोष देत नाही. कृष्णविवराच्या क्षितिजापाशी, म्हणजे जिथून परत येता येत नाही त्या सीमेपाशी, कणांची जोडी उद्भवते, एक आत पडतो, दुसरा निसटतो, असे हॉकिंग यांनीही सांगितले होते. मात्र 1975 च्या सविस्तर शोधनिबंधात, ही चित्रे केवळ समजुतीपुरती आहेत, ती शब्दशः घेऊ नयेत, असे त्यांनी स्वतःच बजावले. आतल्या पदार्थाचा नाश वगैरे तिथे काही नाही. प्रतिकणाची ऊर्जाही धनच असते, तो आत पडला तर कृष्णविवर जड होईल. आणि बाहेर येणारे बहुतेक कण वस्तुमान नसलेले, त्यात फोटॉन म्हणजे प्रकाशकणही आले, आणि फोटॉन तर स्वतःच स्वतःचा प्रतिकण असतो. सूर्याएवढ्या कृष्णविवराची त्रिज्या 3 किलोमीटर, पण त्याच्या प्रारणाची तरंगलांबी 47 किलोमीटरच्या आसपास. एवढी लांब लाट क्षितिजावरच्या एका ठिपक्यातून निघाली असे म्हणताच येत नाही. खरे गणित असे आहे की तारा कोसळताना अवकाशकाल बदलतो, आणि कोसळण्यापूर्वी कणांना जन्म देणाऱ्या क्वांटम क्षेत्रांची जी रिकामी अवस्था होती, तीच नंतर दूरच्या निरीक्षकाला मंद उष्ण प्रारण म्हणून दिसते. त्याची किंमत कृष्णविवराच्या वस्तुमानातून चुकती होते.

2014 चे वाक्य अर्धे तोडलेले आहे. ज्यातून प्रकाश कधीच बाहेर येऊ शकत नाही, त्या अर्थाने कृष्णविवरे नाहीत, असे हॉकिंग यांनी लिहिले होते. वाद क्षितिजाच्या स्वरूपाचा होता. 2019 आणि 2022 मध्ये ज्यांच्या प्रतिमा प्रसिद्ध झाल्या त्या वस्तू अस्तित्वात नाहीत, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता सर्न. याच दाव्याने मुले घाबरतात. सप्टेंबर 2008 मध्ये ते यंत्र सुरू झाले तेव्हा आपल्या वृत्तवाहिन्यांनी दिवसरात्र प्रलयाच्या बातम्या चालवल्या. त्या पाहून मध्य प्रदेशातल्या 16 वर्षांच्या एका मुलीने आत्महत्या केल्याचे तिच्या आईवडिलांनी सांगितले होते. हे माहीत असूनही कोणी तोच मजकूर पुन्हा फिरवत असेल, तर त्याला मी अज्ञान म्हणणार नाही.

व्हिडिओचा युक्तिवाद असा: शास्त्रज्ञ म्हणतात छोटी कृष्णविवरे हॉकिंग प्रारणाने क्षणात विरतील, पण ते प्रारण कोणी पाहिले आहे? कोणीही नाही, हे खरे आहे. अतिथंड अणूंच्या ढगात ध्वनीचे ‘कृष्णविवर’ करून त्यासारखा परिणाम दाखवला गेला, पण ते आकाशातले कृष्णविवर नव्हे. म्हणूनच सुरक्षिततेचा हिशेब या प्रारणावर सोडलेला नाही. गुरुत्वाकर्षणाच्या आपल्या नेहमीच्या नियमांनुसार कृष्णविवर करायला या यंत्राच्या ऊर्जेच्या 10 चा 15 वा घात इतकी पट ऊर्जा लागेल. अवकाशाला लांबी-रुंदी-उंचीपलीकडे आणखी लपलेल्या मिती असतील तरच कमी ऊर्जेत ते शक्य आहे. समजा त्या आहेत, आणि समजा हॉकिंग साफ चुकले. तरी याहून जोरदार टकरा वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, पृथ्वीवर कोट्यवधी वर्षे घडवत आले आहेत. यावर शंका निघाली की त्यातून झालेली कृष्णविवरे वेगाने आरपार निघून जातील, यंत्रातली मात्र इथेच रेंगाळतील. शंका योग्य होती. 2008 मध्ये स्टीव्हन गिडिंग्ज आणि मिकेलांजेलो मँगानो यांनी नेमके हेच तपासले. श्वेतबटू आणि न्यूट्रॉन तारे, म्हणजे संपलेल्या ताऱ्यांचे उरलेले गाभे, इतके घन असतात की ती वेगवान कृष्णविवरेही त्यांच्यात अडकतील. पृथ्वीला धोका होईल इतक्या झपाट्याने ती खाणारी असती, तर हे तारेही केव्हाच संपले असते. पण अब्जावधी वर्षांचे श्वेतबटू आजही दिसतात. या युक्तिवादात हॉकिंग प्रारण कुठेही लागत नाही.

व्हिडिओत सर्नमधला नटराज दाखवून ‘संहाराची तयारी’ म्हटले आहे. ती मूर्ती 2004 मध्ये भारत सरकारने भेट दिली. भारतीय शास्त्रज्ञ तिथे अनेक दशके काम करतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या, याच यंत्रावरच्या सीएमएस प्रयोगाने 2010 मध्येच सूक्ष्म कृष्णविवरांच्या खुणा टकरांमध्ये शोधून पाहिल्या. एकही सापडली नाही.