'स्पष्टवक्ता' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता यांस,

'तिप् ताप्' या टोम्तेंबद्दलच्या (स्वीडिश लोककथांतल्या बुटक्यांबद्दलच्या) स्वीडिश नाताळगीतावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "हे गाणं पारंपरिक नाही. त्यातले टोम्ते भेटी आणत नाहीत, फक्त खातात. आणि टोम्तेला 'स्वीडनचा सांता' म्हणणं हा निव्वळ अडाणीपणा. चार नाताळ तिकडे काढले म्हणून लोककथा कळत नसतात."

पहिलं मान्य. शब्द आल्फ्रेड स्मेडबर्ग यांचे, चाल विल्हेल्म सेव्हे यांची. 'पारंपरिक' खोडलं आहे. चूक दाखवलीत, आभार.

पण 'अडाणीपणा'? मतभेद असावेत, जरूर असावेत. हा शब्द मात्र समोरासमोर वापरला असतात का हो?

आणि चार नाही, अकरा नाताळ. पहिल्याच वर्षी शेजारच्या आजींनी मला तांदळाच्या खिरीचा वाडगा मागच्या पायरीवर ठेवायला लावला, वर लोण्याचा गोळा. लोणी वरच दिसलं पाहिजे, असं बजावून. का, तर एका घरी ते तळाशी गेलं, टोम्तेला दिसलं नाही आणि रागाच्या भरात त्याने गायच मारली. ही गोष्ट मी पुस्तकात नाही वाचली, त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकली. जुना टोम्ते म्हणजे करड्या कपड्यांतला, वाड्याची नि गुरांची राखण करणारा म्हातारा. 'टोम्त' म्हणजे घराची जागा, त्यावरून नाव. भेटींशी त्याचा संबंध नव्हता, त्या जूलबॉकच्या, म्हणजे नाताळच्या बोकडाच्या नावावर येत. हे मला ठाऊक आहे, बरं का.

पण १८८१ साली व्हिक्टर रिडबर्ग यांची 'टोम्तेन' ही कविता येनी न्यूस्ट्रोम यांच्या चित्रासह छापून आली, आणि पुढे त्यांच्याच नाताळकार्डांमधून हा म्हातारा घरोघरी भेटी वाटणारा झाला. आज २४ डिसेंबरला दुपारी ३ वाजता टीव्हीवर डोनाल्ड डक बघून झाला की घरातला एखादा पुरुष 'जरा पेपर घेऊन येतो' म्हणून बाहेर सटकतो आणि थोड्या वेळाने पांढरी दाढी लावलेला टोम्ते दार वाजवून विचारतो, "इथे कुणी शहाणी मुलं आहेत का?" आमच्याकडे तो पेपर आणायला नवरा जातो. मुलीने तिसऱ्या वर्षीच बाबांचे मोजे ओळखले. आता याला मराठी वाचकासाठी 'सांता' म्हणायचं नाही, तर काय 'वाडा-राखण्या' म्हणायचं? सुचवा की!

राहता राहिलं गाणं. मध्यरात्री सगळे झोपल्यावर टोम्ते चोरपावलांनी येतात, खीर, हॅम, सफरचंदाचा तुकडा खातात आणि निघून जातात. भेटी नाहीत, खरं आहे. पण माझा लेख त्याबद्दल नव्हताच. 'भेटी आणणाऱ्या बुटक्यांचं गाणं' हे शीर्षक आहे, प्रतिज्ञापत्र नव्हे. ते बदलणार नाही.

उच्चारांबद्दलच्या तुमच्या दुसऱ्या प्रतिक्रियेला उत्तर देत बसत नाही. पुढच्या वेळी स्वतःच्या नावाने लिहा, मग बोलू.