पाहुण्या कुत्र्यापुढचे वाडगे उचलावे की नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्याचा कुत्रा काही दिवस सांभाळायला घेतला आणि तो जेवणाकडे पाठ फिरवू लागला तर काय करावे, यावरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. २० मिनिटांत त्याने खाल्ले नाही तर वाडगे उचलून ठेवावे आणि पुढच्या जेवणापर्यंत दुसरे काही देऊ नये, हा सल्ला आपल्याला निर्दयपणाचा वाटला. घर आणि माणसे सुटलेल्या मुक्या जिवाला शिस्त लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, चार दिवस चिकन घालून त्याचे पोट भरले तर काय बिघडते, आणि एक वेळ जेवला नाही तरी त्याला सरळ पशुवैद्याकडे न्यावे असे का लिहिले नाही, असे आपले तीन आक्षेप आहेत. पुढच्या महिन्यात बहिणीचा कुत्रा आपल्याकडे राहायला येणार असल्याचेही आपण कळवले आहे. हे उत्तर त्या वेळी उपयोगी पडावे म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पहिल्या आक्षेपामागची काळजी रास्त आहे. मात्र वाडगे उचलणे म्हणजे शिक्षा, असे आपण गृहीत धरले आहे आणि माझा मतभेद तेवढ्यापुरताच आहे. परक्या घरात आलेला कुत्रा पहिल्या एक-दोन दिवसांत जेवत नाही, तेव्हा त्याचे कारण बहुधा जिभेचे चोचले नसून धास्ती असते. ताणाखाली शरीर पचनाचे काम मागे टाकते आणि भूक मरते, हे आपण माणसांतही पाहतो. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातील लिसा हॉर्न, लुडविग ह्युबर आणि फ्रिडरिके रेंज यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. हलवले की आतला खाऊ बाहेर पडेल अशी खेळणी त्यांनी कुत्र्यांपुढे ठेवली. मालक खोलीत असला, मग तो अगदी गप्प बसलेला का असेना, की कुत्री त्या खाऊसाठी जास्त वेळ खटपट करत, आणि मालक नसला की लवकर नाद सोडत. मालकाच्या जागी अनोळखी माणूस आणून बसवला, तर त्याच्या असण्याने मालकासारखा परिणाम दिसला नाही. खाऊ तोच आणि खेळणेही तेच असताना केवळ ओळखीचे माणूस नसल्यामुळे एवढा फरक पडतो. आपण ज्याचा सांभाळ करतो त्या कुत्र्याच्या लेखी तो अनोळखी माणूस म्हणजे आपणच असतो.

आता हा अनोळखी माणूस वाडग्याशेजारी उकिडवा बसतो, नाव घेऊन घेऊन बोलावतो, वाडगे त्याच्या नाकापर्यंत सरकवतो, बोटावर घास घेऊन तोंडाला लावतो. कुत्रा मान वळवतो, ओठांवरून जीभ फिरवतो, भूक किंवा झोप नसताना जांभई देतो आणि मागे सरतो. ‘हे याला आवडले नाही’ असा त्याचा अर्थ लावून आपण स्वयंपाकघरात दुसरे काही शोधायला जातो. वास्तविक त्या वाडग्याभोवती आपण उभा केलेला आग्रह त्याला नकोसा झालेला असतो. अशा वेळी काही न बोलता, चेहरा पाडून न घेता वाडगे उचलले, तर त्याच्यावरचे दडपण तेवढ्यापुरते संपते आणि काही तासांनी जेवण पुन्हा नव्याने समोर येते. शिवाय दिवसभर भरलेले वाडगे तसेच पडून राहिले, तर त्याने नेमके किती खाल्ले याचा अंदाज लागत नाही, आणि ओले अन्न असेल तर ते खराबही होते. २० मिनिटांचा आकडा काही शास्त्रवचन नाही. फार बुजरा कुत्रा असेल तर वाडगे ठेवून खोलीबाहेर जावे आणि अर्ध्या-पाऊण तासाने परत यावे. पाणी मात्र कधीही उचलू नये.

एक वयस्कर कुत्री माझ्याकडे राहायला होती. ती वाडग्यापाशी यायची, कोरड्या खाद्याचा एकच दाणा ओठांनी अलगद उचलायची, दाराजवळच्या चटईवर नेऊन ठेवायची आणि दाराकडे तोंड करून बसायची. मी जवळ जाऊन आर्जवे केली की तो दाणाही तिथेच राहायचा. गळ्यातला बिल्ला स्टीलच्या वाडग्याच्या कडेवर टणकन वाजला की ती दचकून दोन पावले मागे जायची. मालकिणीला फोन केल्यावर कळले की घरी ती पसरट ताटलीत खाते आणि तिच्या जेवणाच्या वेळी कोणी तिच्याकडे बघत नाही. ताटली बदलली, ती रहदारीच्या जागेवरून हलवून कोपऱ्यात ठेवली आणि मी दाराआड थांबू लागलो, तेव्हा आतून दाणे फुटल्याचा आवाज येऊ लागला. तिच्या अन्नात मी काडीचाही बदल केला नव्हता.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल मात्र माझे मत आपल्याहून पुष्कळ वेगळे आहे. कुत्र्याचे खाद्य बदलायचे असेल, तर जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत ७ ते १० दिवसांत बदलावे, असे पशुवैद्य सांगतात, कारण आतड्यांतील सूक्ष्मजीव नेहमीच्या अन्नाला सरावलेले असतात आणि एकाएकी झालेल्या बदलाने जुलाब लागू शकतात. घरच्या कुत्र्याला जुलाब झाले तर निदान कारण शोधता येते. पाहुण्याला झाले तर ते ताणाने झाले, आपल्या चिकनने झाले की तो आधीच आजारी होता, याचा उलगडा ना आपल्याला होतो ना डॉक्टरांना. चिकनची कातडी, तळलेले मांस असे तेलकट पदार्थ काही कुत्र्यांत स्वादुपिंडाच्या दाहाला निमित्त होतात. चवीसाठी घातलेल्या तयार रश्शात अनेकदा कांदा किंवा लसणाची पूड असते आणि तिने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात. ‘शुगर-फ्री’ लिहिलेल्या पीनट बटरमध्ये झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य असू शकते आणि त्याने रक्तातील साखर तासाभराच्या आतही धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतात, हे आपल्याला सांगायला नको. चांगल्या हेतूने ‘जरा चव यावी म्हणून’ घातलेले पदार्थच अशा प्रसंगी गोत्यात आणतात.

विषारी असे काहीही दिले नाही, तरी एक हिशेब उरतोच. १० किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० किलोकॅलरी लागतात. वरच्या खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या पुढे जाऊ नये असा संकेत आहे, म्हणजे तो जेमतेम ६० किलोकॅलरी झाला. बिनकातडीच्या १०० ग्रॅम उकडलेल्या चिकनमध्ये सुमारे दीडशे किलोकॅलरी असतात, तेव्हा दिवसाचा सगळा वाटा ४० ग्रॅममध्येच संपतो. चेडर चीजचा ३० ग्रॅमचा तुकडा तर एकटाच शंभरी ओलांडतो. घरातल्या चौघांनी कीव येऊन एकमेकांच्या नकळत एकेक तुकडा घातला, तर रात्री वाडग्यापुढे नाक मुरडणारा कुत्रा बिचारा उपाशी असतो हे कशावरून? त्याचे पोट बहुधा भरलेले असते. ‘काहीच खात नाही’ म्हणून दाखल केलेल्या अनेक तक्रारींची उकल मला इथेच दिसते.

आणि कुत्रा शिकतो. नको म्हटले की आधी चिकन येते, तेही नाकारले की चीज येते, हे दोन-तीन जेवणांत त्याच्या ध्यानात येते. यात लबाडी काही नाही. जे केल्याने फायदा होतो ते पुन्हा करावे, एवढेच तो करतो. ही सवय घेऊन तो आपल्या घरी परत जातो आणि ती त्याच्या मालकांना निस्तरावी लागते. आपला मुक्काम आठवड्याचा असला, तरी त्यांना पुढे कित्येक महिने प्रत्येक जेवणाला मनधरणी करत बसावे लागते. शिस्त लावण्याचा अधिकार आपल्याला नाही हे आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि त्याच न्यायाने लाडाची नवी सवय लावण्याचा अधिकारही आपल्याला नाही. मूळ लेखात ‘दुसरे काही देऊ नये’ असे लिहिले ते एवढ्याचसाठी.

तरीही भूक चाळवण्यासाठी काहीच करू नये, असे माझे म्हणणे नाही. कुत्र्याच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या सुमारे १७०० असतात, तर माणसाच्या जिभेवर त्या ९००० च्या आसपास. कुत्रा जेवण पसंत करतो ते मुख्यतः वासावरून. म्हणून त्याच्याच खाद्यावर थोडे कोमट पाणी घालून पाच-दहा मिनिटे थांबावे. अन्न शरीराच्या तापमानाइतके, म्हणजे ३८ अंशांच्या जवळपास कोमट झाले की त्याचा वास दरवळतो. जेवणाआधी निवांत फेरी झाली असेल तर आणखी बरे. आणि मालक घरी खाद्यावर रोज काही घालत असतील, तर आपणही तेच, तेवढेच घालावे. ते त्याचे नेहमीचे जेवण झाले, लाड नव्हेत. इथे एक अनुभवाची गोष्ट सांगतो. हातात ताट घेऊन आपण कुत्र्याला भरवतो हे पुष्कळ मालक भिडेपोटी सांगत नाहीत. ‘सगळे खातो’ असे मोघम उत्तर मिळाले, तर न संकोचता पुन्हा विचारावे.

तिसऱ्या आक्षेपाबाबत थोडक्यात लिहितो. धडधाकट प्रौढ कुत्रा एक-दोन वेळा जेवला नाही, पण पाणी पितो आहे, फिरायला उत्साहाने येतो आहे, तर लगेच दवाखाना गाठण्याची गरज नसते. अनोळखी दवाखान्याने त्याची धास्ती उलट वाढते. (मांजर असते तर मी असे लिहिले नसते. दोन-तीन दिवसांच्या उपासानेही मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते.) पूर्ण एक दिवस पोटात काहीच गेले नाही, तर मालकांना आणि डॉक्टरांना फोन करावा. पण काही ठिकाणी एवढीही वाट पाहू नये. लहान जातीच्या पिल्लांची साखर काही तासांच्या उपासाने उतरते. मधुमेही कुत्रा जेवला नाही, तर इन्सुलिन द्यायचे की नाही आणि किती, हे डॉक्टरांना विचारल्याखेरीज ठरवू नये. वारंवार उलट्या होणे, हिरड्या फिकट पडणे, पाणीही नको म्हणणे ही तातडीची लक्षणे आहेत. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचे पोट फुगले आणि तो ओकाऱ्या काढत असूनही बाहेर काही पडत नसेल, तर जठराला पीळ पडल्याची शक्यता असते, आणि तेव्हा एकेक तास मोलाचा असतो. आणखी एक खूण सहज निसटते. कुत्रा भुकेने धावत येतो, घास तोंडात घेतो आणि खाली टाकतो, किंवा मान तिरकी करून एकाच बाजूने चावतो. त्याचा दात दुखत असण्याचा संभव असतो. तिथे वाडगे उचलणेही चूक आणि चिकन घालणेही चूक.

आता बहिणीच्या कुत्र्याविषयी. तो येईल तेव्हा मुक्कामाला पुरेल इतके त्याचेच खाद्य, ते मोजण्याचा नेहमीचा कप आणि त्याचे स्वतःचे भांडे सोबत मागून घ्यावे. न धुतलेली चादर किंवा बहिणीचा वापरलेला सदरा आणता आला तर तोही झोपायच्या जागी ठेवावा. जेवणाच्या वेळा, त्याचे हल्लीचे वजन, डॉक्टरांचा दूरध्वनी आणि बहिणीशी संपर्क झाला नाही तर उपचाराचा निर्णय कोणी घ्यायचा, हे लिहून घ्यावे. रोजची एखादी गोळी असेल तर ती कशात घालून देतात तेही विचारावे, आणि ती वाडग्यातल्या जेवणात कालवू नये. कडू चव एकदा लागली की कुत्रा त्या अन्नाचाच धसका घेतो आणि मग तेच खाद्य घरी गेल्यावरही हुंगून सोडून देतो. गोळी वेगळ्या छोट्या घासात, जेवणाच्या वेळेपासून दूर द्यावी. गोळी पोटभर अन्नासोबतच द्यायची आहे असे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर आधी अर्धे जेवण होऊ द्यावे, मग तो घास द्यावा आणि उरलेले जेवण नंतर वाढावे.